अंबाळ्यावरचे ढग

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका फोटो स्टुडिओत स्कॅनिंगच्या कामाला लागून मला दोनच महिने झाले होते. मे महिना, बाहेर ४५ अंशांचं ऊन. अशा दुपारी एक निवृत्त मास्तर ३५ मिमीच्या कृष्णधवल फिल्मची सहा फ्रेमची पट्टी घेऊन आले. वडिलांनी रामटेकला काढलेले फोटो होते. त्यातल्या एकाचा मोठा प्रिंट हवा होता. खाली अंबाळा तलावाचं पाणी, काठावरची देवळं, मागे टेकडी आणि वर गडमंदिर.

मी सगळं ऑटोवर टाकलं, धूळ काढायचा पर्यायही चालू केला. पडद्यावर काळंभोर आणि पांढरंशुभ्र चित्र आलं. मला तर फार आवडलं. काकाजी मात्र चष्मा सावरून बघतच राहिले.

"ढग कुठी गेले?"

"काकाजी, जुनी फिल्म आहे. आकाश असंच येते."

"मी होतो न बाबांसंगं. आषाढ होता. ढग पाहूनच त्यांनी कॅमेरा काढला."

मी पट्टी लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ठेवून भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधार उलटे, म्हणून आकाश सगळ्यात काळं दिसतं. त्या काळ्यात ढग होते, पदरापदरांसकट. फिल्मनं इतकी वर्षं सांभाळलेले ढग ऑटोनं एका झटक्यात उडवले होते. गडाच्या भिंतींच्या कडाही विरघळल्यासारख्या दिसत होत्या. तो प्रताप धूळ काढायच्या पर्यायाचा. त्यात स्कॅनर इन्फ्रारेड किरणांनी धूळ शोधतो. रंगीत फिल्मचे रंग ते किरण आरपार जाऊ देतात, पण कृष्णधवल फिल्ममधली चांदी अडवते. मग मशीनला चित्रच धूळ वाटतं.

काकाजींना म्हटलं, दोन दिवस द्या.

स्टुडिओच्या दादांनी एकच गोष्ट बजावली, "स्कॅन देखणा करायच्या मागं लागू नको. तो मळकट, राखाडीच आला पाहिजे." मी कूलर बंद केला, कारण त्याच्या वाऱ्यासोबत धूळ थेट काचेवर येते. घाम पुसत ब्लोअरनं पट्टी साफ केली. धूळ काढायचा पर्याय बंद, स्कॅन १६ बिटवर. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६च पायऱ्या मिळतात. आकाश ताणलं की त्यात पट्टे उमटतात. हिस्टोग्रामची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांच्या आलेखाची, दोन्ही टोकं मोकळी सोडली. आलेलं चित्र अगदी राखेसारखं होतं, पण ढग त्यात होते.

मग कर्व्ह, म्हणजे छटा कमी-जास्त करायची वक्ररेषा. आधी पूर्ण चित्राला हलका उठाव दिला, नंतर फक्त आकाश गडद केलं. इथे माझा हात घसरला. टेकडीच्या कडेनं पांढरी किनार उमटली, जणू कोणी डोंगर कापून चिकटवलाय. ते सगळं पुसलं आणि मोठ्या, मऊ ब्रशनं थोडं थोडं करत गेले. कडा धारदार करणाऱ्या शार्पनिंगनं आकाशातले फिल्मचे दाणे वाळूसारखे टोचायला लागले, म्हणून ते फक्त देवळांपुरतं ठेवलं. उरलेली धूळ हातानं काढली, एकेक पांढरा ठिपका. दोन तास गेले.

काकाजी आले. ढग पाहून बराच वेळ बोललेच नाहीत. मग पाण्यावर बोट ठेवलं.

"इथं बगळे होते बेटा. चार."

माझ्या पोटात गोळाच आला. निगेटिव्हवर धूळ प्रकाश अडवते, आणि पांढरा बगळाही तिथं काळाच उमटतो. पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे सुलट चित्रात, दोघांचेही पांढरे ठिपके. धूळ समजून मी ते पुसले होते.

नशिबानं सगळी सफाई वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ चित्रावरच्या वेगळ्या थरावर, होती. पहिला बिघडलेला स्कॅनही मी ठेवला होता. दोन्ही शेजारी लावले. मधे पट्टी साफ केलेली, त्यामुळे धुळीनं जागा बदलली होती. पाण्यावरचे ठिपके मात्र दोन्हीकडे जिथल्या तिथं. मोठं करून पाहिलं. धूळ धारदार, दाण्यांच्या वर बसलेली. हे ठिपके दाण्यांनीच बनलेले. तीन सापडले, लेयरमधून परत आणले.

"चौथा?" काकाजींनी विचारलं.

मी फ्रेम कडेपर्यंत सरकवली. फिल्म धरणाऱ्या आमच्या होल्डरनं झाकलेल्या बारीक कडेत काही असेल, तर ते स्कॅनमध्ये येणारच नव्हतं. पट्टी पुन्हा लाइटबॉक्सवर ठेवली आणि भिंग त्यांच्याच हातात दिलं.