पाटी बदलली, चित्र तेच

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संग्रहात सीमोन मारिस या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या प्रारंभी रंगवलेले हाती पंखा घेतलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणीचे चित्र आहे. त्याचे जुने शीर्षक तिच्या वर्णावरून बेतलेले आणि आज चारचौघांत उच्चारवणार नाही असे होते. २०१५ च्या सुमारास संग्रहालयाने शीर्षकांतील व वर्णनांतील असे वसाहतकालीन शब्द बदलण्याचे काम हाती घेतले, तेव्हा तिला केवळ 'पंखा घेतलेली तरुणी' म्हटले जाऊ लागले आणि इतिहासावर बोळा फिरवला जात असल्याची ओरड झाली. पुढे संशोधनातून तिचे नाव इसाबेला असल्याचे कळले व चित्रालाही तेच नाव मिळाले. अपमानकारक शब्द खोडून तेथे मिळमिळीत शब्द बसवणे हे कारकुनी काम झाले. ती होती कोण, हे शोधून काढणे हे संग्रहालयाचे काम, असे मला वाटते.

२०१९ मध्ये शहराच्या इतिहासाला वाहिलेल्या अ‍ॅमस्टरडॅम म्युझियमने सतराव्या शतकासाठी 'सुवर्णयुग' हा शब्द वापरणे थांबवले, तेव्हा नेदरलँड्सचे तत्कालीन पंतप्रधान मार्क रुटे यांनी त्याला उघडपणे नाक मुरडले, तर राइक्सम्युझियमने तो शब्द सोडला नाही. माझे आजोळ वेंगुर्ल्याचे असल्यामुळे या वादात मला तटस्थ राहता येत नाही. तेथील झाडोऱ्यात पडझड झालेली डच वखार त्याच शतकातली, डच ईस्ट इंडिया कंपनीची. आणि १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटांवर कत्तल केली तीही याच कंपनीने. तरीही तो शब्द गाळल्याने ती कत्तल कोणाला अधिक कळेल, हे मला उमगत नाही. तो ठेवून त्याच्याखाली 'कोणाचे?' असे विचारणे अधिक बोचरे ठरले असते.

रॉटरडॅममध्ये प्रकरण थोडे गमतीचे झाले. विटे दे विथ या सतराव्या शतकातील नौदल अधिकाऱ्याचे नाव, रस्त्यावरून, तेथील कलाकेंद्राला मिळाले होते. २०१७ मध्ये कलाक्षेत्रातील काहींनी जाहीर पत्राद्वारे त्यावर आक्षेप घेतला आणि २०२१ मध्ये केंद्राचे नाव 'मेली' झाले, म्हणजे इमारतीवर लावलेल्या फलकरूपी कलाकृतीतील, आपल्या नोकरीचा तिटकारा असलेल्या स्त्रीचे. रस्त्याचे नाव मात्र आजही विटे दे विथच आहे, त्यामुळे पत्ता सांगताना त्याची आठवण काढावीच लागते.

याउलट २०२१ मध्ये राइक्सम्युझियमने गुलामगिरीवरील प्रदर्शनाबरोबर कायमस्वरूपी दालनांतील वस्तूंशेजारी, पूर्वीच्या पाट्या न काढता, ७७ नव्या पाट्या लावल्या आणि त्या वस्तूंचा गुलामगिरीशी असलेला संबंध सांगितला. रेम्ब्रांटने १६३४ मध्ये रंगवलेली मार्टेन सोलमान्स व ओप्येन कॉपित या दांपत्याची उभी चित्रे मी त्याआधी अनेकदा पाहिली होती, पण नजर दर वेळी मार्टेनच्या बुटांवरच्या लेसच्या भल्यामोठ्या फुलांवर खिळे. त्याच्या वडिलांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता आणि त्या काळी अ‍ॅमस्टरडॅमला येणारी कच्ची साखर ब्राझीलमधील मळ्यांत गुलामांच्या हातून पिकत असे, हे कळल्यापासून त्या फुलांपुढे मी बराच वेळ थांबते.