हात जोडलेला इमोजी

आज सोसायटीच्या ग्रुपवर तळमजल्यावरच्या काकू गेल्याची बातमी आली आणि खाली 🙏 ची रांग लागली. तासाभराने पाण्याचा टँकर आल्याचा मेसेज, त्यावरही तेच 🙏. मूळचं जपानी फोनांतलं हे चिन्ह २०१० साली युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या फोन-संगणकांच्या सामाईक अक्षरसंचात, आलं. जपानमध्ये ते विनंतीला आणि आभाराला वापरतात. आपल्याकडे त्यात नमस्कार, माफी, श्रद्धांजली, झालंच तर 'पुरे करा आता' सुद्धा मावतं. मला ते मनापासून आवडतं. पण काकूंसाठी ते अपुरं वाटलं. त्यांच्या मुलाला मी दोन ओळी लिहिल्या, दरवर्षी घरी येणाऱ्या कैरीच्या लोणच्याबद्दल. त्याचा लगेच फोन आला. आई मेथी तळूनच घालायची, म्हणाला, आणि मग बराच वेळ बोलत राहिला.