तुम्ही विचारलंत म्हणून: डावीकडच्या मागच्या दाराविषयी

गाडीभोवती एक फेरी मारून झाली की पाहणारा माणूस डावीकडच्या मागच्या दारापाशी थबकतो आणि तोच प्रश्न येतो: ‘बाकी सगळी गाडी इतकी नीट रंगवलीत, मग हे एकच दार वेगळ्या छटेचे का?’ कोणी विचारतो की अपघात झाला होता का, कोणी सगळे उमगल्याच्या सुरात म्हणतो की भंगारातले दार आणून बसवलेले दिसते, आणि एका गृहस्थांनी तर रंगाचा डबा आधी नीट ढवळून घ्यायचा असतो, हे मला हातवारे करून समजावून सांगितले. आजवर या सर्वांना मी ‘रंग संपला’ एवढेच उत्तर दिले आहे. ते सोयीचे होते, पूर्ण खरे नव्हते.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण प्रश्नाच्या पोटात ‘हौशी माणसाचा हलगर्जीपणा’ हा आरोप दडलेला असतो आणि तो मला मान्य नाही. गाडी जुनी होती आणि व्यावसायिक डेंटिंग-पेंटिंगचा खर्च तिच्या किमतीहून अधिक भरत होता. म्हणून बंपर, दिवे, हँडले, काचांभोवतीचे रबर हे सगळे मी स्वतः उतरवले, कॉम्प्रेसर उसना आणला आणि सुट्टीच्या दिवसांत काम करत राहिलो. मात्र दारांखालच्या पोकळ पत्र्याला जिथे आरपार भोके पडली होती, तिथे काटकसर केली नाही. काही वर्षांपूर्वी त्याच भोकांवर पुट्टी थापून मी मोकळा झालो होतो आणि सहा महिन्यांत तिथे फोड आले होते. गंज आतल्या बाजूने खात येतो. बाहेरून आपण कितीही गुळगुळीत लेप दिला, तरी मागून ओल पोचत राहते, पुट्टी स्वतः ती ओल शोषून घेते आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापणारा गंज तो लेप आतून ढकलून उचलतो. या वेळी सडलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापला आणि वेल्डरला पैसे देऊन नवे तुकडे जोडून घेतले. त्यानंतर जी काही पुट्टी लावली ती जोडाच्या खळग्यांपुरती, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. आधी 80 नंबरच्या सँडपेपरने आकार, मग 180 ने ओरखडे कमी करणे, मग प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचा पुसट फवारा आणि लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या वॉटर पेपरने 400 पासून 600 पर्यंत घासणे. तो काळा रंग खळग्यात उरतो आणि उंचवट्यावरून आधी जातो, त्यामुळे हाताला न कळणारा दोष डोळ्याला दिसतो. हे सगळे मी केले होते. ‘गाडी रंगवणे म्हणजे मुख्यतः तयारी’ हे वाक्य मी इतरांना इतक्या वेळा ऐकवले होते की ते आपल्यालाही लागू आहे, हे बहुधा विसरलो होतो.

रंग निवडला तो साधा, एकसंध निळसर राखाडी सिंथेटिक इनॅमल. मेटॅलिकच्या वाटेला गेलो नाही, कारण त्यातले चमकीचे कण रंग फवारणाऱ्या गनचे अंतर आणि दाब बदलला की वेगळे बसतात आणि एकाच डब्यातल्या रंगाच्या दोन छटा दिसतात. हार्डनर घातलेला रंगही टाळला. त्यातल्या आयसोसायनेट या श्वासाला घातक रसायनासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो घेण्याची ऐपत नव्हती आणि शेजारी पंधरा वर्षांचा मुलगा उभा असताना त्याशिवाय फवारणी करण्याची हिंमतही नव्हती. तो मुलगा म्हणजे माझा भाचा.

तो सुट्टीला आला होता आणि त्याला कामात घेणे ही माझीच कल्पना होती. सरावासाठी त्याला एक दार दिले, ते हेच. त्याने पहिल्या दिवशी काय केले असेल, तर तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाच्या बाटलीवरच्या सूचना शेवटपर्यंत वाचल्या. मग घासायला सुरुवात करण्याआधीच दार पुसायला घेतले: एका फडक्याने ओले करायचे, ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे, फडक्याची घडी बदलायची आणि पुढच्या वीतभर भागाकडे वळायचे. घासून झाल्यावर पुन्हा सगळे पहिल्यापासून. एवढ्या वेळात माझी तीन दारे आणि बॉनेट घासून झाले होते. मी म्हणालो, ‘‘अरे, एका दारावर अर्धी बाटली संपवलीस. ती काय नळाला येते?’’ तो म्हणाला, ‘‘मामा, असंच लिहिलंय.’’ बाटली महाग होती. उरलेली अर्धी जपून वापरावी म्हणून बाकीची गाडी मी घासून झाल्यावर साध्या थिनरच्या एकाच फडक्याने पुसली आणि द्रावणाचा हात शेवटी वरवर फिरवला. त्या दिवशी याला मी काटकसर म्हणत होतो.

रंगाच्या दिवशी हवा कोरडी होती, वारा नव्हता, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली होती, 1.4 मिलिमीटरचा नोझल लावला होता. पहिला हात पातळ मारला आणि तो छान बसला. दुसरा भरून मारायला घेतला तेव्हा टपाचा मधला भाग ओला चमकत असतानाच एक टाचणीएवढा ठिपका उघडा पडला. मग त्याच्याशेजारी दुसरा. मी गन थांबवून वाकून पाहिले, तोवर वीस-पंचवीस झाले होते: कडा उंचावलेले गोल खड्डे आणि मध्ये तळाचा प्रायमर, माशाचे डोळे वर बघत असावेत तसे. पेंटर त्यांना फिश आय म्हणतात ते उगाच नाही. ओला रंग त्या ठिकाणाहून अक्षरशः मागे सरकत होता. पृष्ठभागावर सिलिकॉन या निसरड्या पदार्थाचा कणभर अंश असला तरी तिथला पृष्ठताण इतका कमी होतो की रंग त्यावर पसरायला नकार देतो. हे कारण मला पुस्तकी पातळीवर ठाऊक होते. त्या क्षणी मात्र डोक्यात एकच विचार आला, की जरा जाड हात मारला तर खड्डे भरून निघतील. ते भरले नाहीत. जाड रंग त्यांच्या कडांवरून वळसा घालून खाली आला आणि टपाच्या कडेला ओघळ सुटले. तेव्हा तरी थांबायला हवे होते. मी बॉनेटकडे गेलो, कारण बॉनेट चांगले निघाले तर टपाचे पुढे बघता येईल, असे मला वाटले. बॉनेट टपाहून वाईट निघाले. तरीही मी एकेक करून चारही दारांवर गन फिरवली. का फिरवली याचे समर्पक उत्तर मला आजही देता येत नाही, हातात गन असलेल्या माणसाला ती खाली ठेवणे जड जाते एवढेच म्हणतो.

मास्क काढला तेव्हा खिडकीतल्या फळीवर डॅशबोर्ड चमकवणाऱ्या फवाऱ्याचा डबा दिसला. अशा फवाऱ्यांत बहुधा सिलिकॉनच असते. मी विचारले, ‘‘हा इथे कसा आला?’’ भाचा म्हणाला, ‘‘काल संध्याकाळी मी आतून मारला. बाहेरून नवी होणार, तर आतूनही दिसायला पाहिजे ना.’’ यानंतर मी जे बोललो ते सगळे लिहिणार नाही. ‘‘चार महिन्यांचं काम मातीत घातलंस’’ हे त्यातले सौम्य वाक्य. तो काही बोलला नाही. हातातल्या फडक्याची घडी करून त्याने ते त्या डब्याशेजारी ठेवले आणि घरात गेला. ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी तो परत गेला. कारण विचारले तेव्हा क्लास लवकर सुरू होतोय म्हणाला, आणि मी तेवढ्यावर समाधान मानले.

इनॅमल वरून काही तासांत हाताला लागेनासा होतो, पण आतून घट्ट व्हायला आठवडे घेतो. अर्धवट वाळलेल्या थराला वॉटर पेपर लावला तर कागद चोंदतो, आणि नवा हात मारला तर त्यातला थिनर खालच्या थराला उचलून सुरकुत्या पाडतो. त्यामुळे तीन आठवडे हात बांधून बसण्याखेरीज इलाज नव्हता. गाड्यांच्या रंगकामात हे वाट पाहणे एकेकाळी नेहमीचेच होते. ब्रशने व्हार्निशचे थर चढवण्याच्या काळात एक गाडी पुरी व्हायला आठवडे जात, आणि 1924 च्या ओकलंड या अमेरिकी बनावटीच्या गाड्यांवर ड्युको नावाचे भरभर वाळणारे लॅकर आले तेव्हा कारखानदारांना त्याचे एवढे अप्रूप वाटले ते याचसाठी. माझ्याकडे तो उपाय नव्हता. होता तो वेळ, आणि त्या वेळात दुसरे काही करण्यासारखे नसल्याने मी खड्डे मोजायला लागलो.

टप मोजला, बॉनेट मोजले, डिकी, मडगार्ड, उजवीकडची दोन दारे, डावीकडचे पुढचे दार. डावीकडच्या मागच्या दारावर एकही खड्डा नव्हता. विजेरी तिरपी धरून पाहिले, भिंग घेऊन पाहिले. सपाट, स्वच्छ, कडेपासून कडेपर्यंत.

हवेत उडालेले सिलिकॉन दार निवडून बसत नाही. ते बसले असते तर चारही दारांवर सारखे बसले असते. मग गाडीला सिलिकॉन कोणी लावले? वर्षानुवर्षे महिन्यातून एकदा, मोठ्या प्रेमाने, चकाकी देणारे पॉलिश मी स्वतः लावत आलो होतो. ते न काढताच मी घासायला घेतले, म्हणजे कागदाच्या प्रत्येक फेऱ्यासोबत ते ओरखड्यांत दाबून बसवले, आणि मग एकाच फडक्याने सगळ्या गाडीभर सारखे वाटले. ज्या अर्ध्या बाटलीवरून मी त्या मुलाला टोमणा मारला होता, तिच्यात माझ्या गाडीचा रंग वाचला असता.

इथे माझ्यातला जुना माणूस अजूनही वाद घालतो. तो म्हणतो, टप आणि बॉनेटवर खड्डे सर्वांत जास्त होते. आडव्या पृष्ठभागावर हवेतले कण अधिक बसतात, तेव्हा फवाऱ्याचाही थोडा हात असणारच. मी त्याला सांगतो की पॉलिशही टप-बॉनेटवरच सर्वांत जास्त घासले जात होते. तो म्हणतो, पण तुला खात्री आहे का? खात्री नाही. रंगकामाच्या जागेत तो फवारा आणायला नको होता हे खरेच आहे. परंतु तिथे काय आणायचे नाही हे सांगणे कोणाचे काम होते, या प्रश्नावर तो जुना माणूस गप्प बसतो.

रंगाच्या दुकानात एक द्रव सुचवला गेला होता, जो रंगात मिसळला की फिश आय पडत नाहीत. तोही सिलिकॉनचाच असतो. सगळा रंग सारखाच निसरडा करून खड्डे झाकायचे आणि पुढच्या प्रत्येक थरात तो घालत राहायचे, असा तो मार्ग. पहिल्यांदा पुट्टीने भोके बुजवणाऱ्या माणसाला तो पटला असता. मी नको म्हणालो, पूर्ण गाडी द्रावणाने दोन-दोन फडक्यांनी पुसली, खड्ड्यांचा तळ लागेपर्यंत घासली, पुन्हा पुसली, पुन्हा प्रायमर मारला. दार तेवढे वगळले, कारण त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.

छटेचे उत्तर इथे आहे. पहिला रंग संपला होता. दुसरा डबा त्याच सूत्राने मिसळून घेतला, तरी दोन वेळा मिसळलेले रंग तंतोतंत जुळतीलच असे नसते, म्हणूनच सगळे डबे आधी एकत्र ओतून घ्यावेत असे म्हणतात. आमच्या बाबतीत एकत्र ओतायला पहिला उरलाच नव्हता. ट्यूबलाइटखाली दोन्ही एक वाटले, बाहेर उन्हात दार किंचित अधिक निळे निघाले. वेगवेगळ्या प्रकाशात रंगांची जोडी जमते किंवा मोडते ती अशी.

आता ‘रंग संपला’ या उत्तरातले खोटे. दुसऱ्या डब्यात एका दारापुरता रंग उरला होता. तो अजूनही आहे, झाकण घट्ट लावून उलटा ठेवलेला. एक सकाळ खर्च केली असती तर सगळी गाडी एका रंगाची झाली असती आणि तुम्ही काही विचारले नसते. दोनदा मास्किंग टेप लावून तयारी केली आणि दोन्ही वेळा काढून टाकली. याला तुम्ही भावनिकपणा म्हणाल. मला ते तसे वाटत नव्हते, गाडीवरचे सर्वांत चांगले काम घासून काढायला हात धजत नव्हता, इतकेच. पण हेही मी आता थोडे जपूनच म्हणतो.

भाच्याला फोन करून सांगितले. त्यालाही वेळ लावलाच, जवळपास वर्षभर. म्हणालो, ‘‘तो फवाऱ्याचा प्रकार, त्यात तुझी चूक नव्हती.’’ तो म्हणाला, ‘‘कुठला फवारा, मामा?’’ मी आठवण करून दिली. ‘‘अच्छा, ते होय. ते कधीच विसरलो मी,’’ असे म्हणून त्याने गाडी ॲव्हरेज किती देते ते विचारले. त्यानंतर तो दोनदा येऊन गेला. गाडीत बसतो, पण पुढे. त्या दाराविषयी त्याने चकार शब्द काढलेला नाही, आणि तो खरोखरच विसरला आहे की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून ठरवता आलेले नाही.

गेल्या महिन्यात त्याच दाराच्या खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा फोड दिसला. आतला पुठ्ठा काढून पाहिले, तेव्हा दारात उतरणारे पाणी बाहेर सोडणारी दोन भोके जुन्या सीलंटने बुजलेली सापडली. ती मोकळी करणे त्याच्याकडे सोपवलेले नव्हते, ते माझे काम होते. भोके उघडली, आत मेण फवारले. फोड मात्र बाहेरून खरवडावा लागेल, आणि खरवडला की तिथे रंग लावावा लागेल. घरात रंग आहे तो दुसऱ्या डब्यातला. त्या ठिकाणी सध्या पारदर्शक टेपचा एक चौकोनी तुकडा चिकटवून ठेवला आहे. पुढच्या वेळी त्याविषयी विचारलेत तर माझ्याकडे अजून उत्तर नाही.