तुम्ही विचारलंत म्हणून: गुजराती आणि आयरिश

बडोद्याला गेले की कुणीतरी विचारतंच, गुजराती आणि आयरिश या दोन भाषा मी सारख्या एकत्र का आणते. गेल्या खेपेला मावसभावाने विचारलं, "साडेपाच कोटी लोकांची गुजराती कुठे आणि ती आयरिश कुठे! बरोबरी कसली करतेस? आणि तू तर मराठी, तुझा काय संबंध?" इतकी वर्षं मी "सांगेन कधीतरी" म्हणत आले. आता सांगते.

आकडे मलाही ठाऊक आहेत. 2011च्या जनगणनेत भारतात गुजराती मातृभाषा सांगणारे साडेपाच कोटी. आयर्लंडमध्ये 2022 साली 18 लाखांवर लोकांनी आयरिश येते असं नोंदवलं, पण शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे भरले 72 हजारांच्या आत. राज्यघटनेने 1937मध्ये तिला पहिली राजभाषा केलं. रस्त्यांच्या पाट्यांवर तिची ओळ इंग्रजीच्या वर असते. तरी 72 हजार. म्हणजे भाषा टिकते ती कुठे, हा माझा प्रश्न आहे, आणि तो साडेपाच कोटींनी सुटत नाही.

शब्दांच्या नात्यावर मी भर देत नाही, कारण त्री-त्रण, ओख्त-आठ, देह-दस असली जोडपी या दोन्ही भाषांच्या इंडो-युरोपीय कुळात कुठेही सापडतात. मला धरून ठेवलं ते 'नील'ने. आयरिशमध्ये 'तॉ' म्हणजे आहे आणि 'नील' म्हणजे नाही, जसं गुजरातीत छे आणि नथी. आयरिशमध्ये 'होय'साठी वेगळा शब्दच नाही, विचारलेलं क्रियापदच परत म्हणायचं. पुस्तक 'बाळगणं' तिथेही नाही, ते 'माझ्यापाशी' असतं, 'मारी पासे'सारखं. आपल्याला भूक लागते, त्यांची भूक माणसावर असते. फरकही मोठे आहेत. त्यांचं क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच येतं, आपलं शेवटाला. शिवाय शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं: आई म्हणजे 'मॉहर', पण 'माझी आई' म्हटलं की 'मो वॉहर'. नपुंसकलिंग त्यांनी कधीच गमावलं, गुजरातीने मराठीसारखं जपलं.

आणि हे दोन देश एका वाक्यात आणणारी मी पहिली नव्हे. भारतीय भाषांचं सर्वेक्षण करणारे ग्रियर्सन 1851 साली डब्लिनजवळ जन्मले, दुष्काळ आयरिश बोलणारी गावंच्या गावं रिकामी करत होता त्याच काळात. त्यांच्या सर्वेक्षणातला गुजरातीचा भाग 1908 साली छापून आला.

पण हे सगळं मी नंतर शिकले. खरं कारण एक फोन आहे.

माझं सासर गुजराती. आम्ही इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेला आलो तेव्हा लेक दोन वर्षांची होती आणि घरात गुजराती बोलायची. पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, पोर गोंधळतेय, घरी एकच भाषा ठेवा. मी इंग्रजी ठेवली. नवरा कुरकुरला, मीच त्याला गप्प केलं. मी त्यांचं नाव पुढे करायचे, पण ते मला सोयीचं होतं हे आज कबूल करते. लेकीचं बोलणं चारचौघांसारखं व्हावं, कुणी हसू नये, एवढंच मला हवं होतं.

ती नऊ वर्षांची असताना माझ्या सासूबाई, आमच्या बा, बडोद्याला दवाखान्यात होत्या. बांना इंग्रजी येत नव्हतं. व्हिडिओवर त्यांनी विचारलं, "तने मारी याद आवे छे, बेटा?" तिला कळलं, पण तोंडाला शब्द येईना. मी कानात सांगितलं, "बहु याद आवे छे" म्हण. ती तसं म्हणाली. बा हळूच म्हणाल्या, "ए तो मम्मी बोली. तुं बोल."

पोर माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे वळून म्हणाली, "तॉ ब्रोन ओरम, बा."

हे आयरिश. दुःख माझ्यावर आहे. शाळेत पहिल्या वर्षापासून शिकवतात, आणि माफ करा म्हणायलाही हेच. इंग्रजी नको, दुसरी भाषा हवी, म्हणून तिने जिथे हात घातला तिथे आयरिशच होती. बा म्हणाल्या, "शुं कीधुं?" काय म्हणाली? आणि मी म्हणाले, "कहे छे, बहु याद आवे छे." मी खोटं सांगितलं. तिचं स्वतःचं वाक्य होतं ते, आणि मी ते बदलून पुन्हा माझंच दिलं. चौथ्या दिवशी बा गेल्या. नंतर लेकीने विचारलं, तू बाला काय सांगितलंस? मी म्हटलं, तू म्हणालीस तेच.

वर्षभर माझा राग आयरिशवर होता. तिने आमची जागा घेतली असं मी जिथे तिथे बोलत असे. ते माझं चुकत होतं. जागा मी इंग्रजीला दिली होती. आयरिश तर उरलेल्या कोपऱ्यात शाळेने बळेच बसवली होती, आणि तिथेच ती उपयोगी पडली. मग मी संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले. तिथे कळलं की एकोणिसाव्या शतकात मुलांच्या गळ्यात काठी अडकवत, आयरिश बोलल्यावर तिच्यावर खाच पाडत आणि खाचा मोजून शिक्षा करत. आणि यात आईबापही शाळेला साथ देत. पोरांना अमेरिकेत पोट भरायचं होतं, तिथे आयरिशचा काय उपयोग? मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांच्यामागे उपासमार होती. माझ्यामागे काय होतं?

आणि मराठीचं काय, हा मावसभावाचा खरा टोमणा. मराठी माझ्या आईशी फोनवर आहे आणि इथे कागदावर आहे. लेकीला ती दिलीच नाही, म्हणून ती गेल्याचं कुणाला दुखलंही नाही. हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. पण दुसरं माझ्याजवळ नाही.

लेक आता पंधरा वर्षांची आहे. गुजराती शिकवू का विचारलं तर आता नको म्हणते. बांना खरं काय सांगितलं होतं, ते तिला मागच्या वर्षी सांगितलं. ती उठून खोलीत गेली, तो विषय पुन्हा निघाला नाही. परवा तिच्या फोईचा, म्हणजे आत्याचा, फोन आला, "जमी लीधुं?" जेवलीस का? पोरीने 'हा' म्हटलं नाही, 'यस'ही नाही. म्हणाली, "लीधुं." गुजरातीत असं उत्तर चालतं, आयरिशमध्ये तर असंच द्यावं लागतं. तिच्या मनात त्यातलं कुठलं होतं, मी विचारलं नाही.