तलावाचा काठ कोणी ठरवायचा

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात आमचे गाव आहे. बाजारपेठ, शाळा, दवाखाना आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची जुनी वस्ती, सारे काही माजी मालगुजारी (म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेल्या) तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून वसलेले आहे. मी येथे ग्रामरोजगार सेवक म्हणून काम करतो. मजुरांची मागणी नोंदवणे, हजेरीपट सांभाळणे, खोदलेल्या चौकड्या मोजून घेणे, हे माझे रोजचे काम. ज्या दिवसाविषयी लिहितो आहे त्या दिवशी मात्र हजेरीपट नव्हता आणि कोणाला मजुरीही मिळणार नव्हती, कारण ते श्रमदान होते. मोजमापाची सवय असलेला माणूस जागेवर असावा म्हणून सरपंचताईंनी मला बोलावले होते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात प्रामुख्याने कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी ते बांधले आणि तलाव बांधणाऱ्याला त्याच्याखालची जमीन मिळत असल्यामुळे बांधणारा आणि राखणारा एकच राहिला. तत्कालीन मध्यप्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे आले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण दर उन्हाळ्यात पाळीवर माती टाकणारे, तुडूम (पाणी सोडण्याची मोरी) साफ करणारे, सांडव्यापुढचा झाडोरा काढणारे हात त्याबरोबर मोकळे झाले आणि ते काम पुन्हा कोणाच्या नावावर नीटसे चढलेच नाही.

आमच्या तलावाचे व्हायचे तेच झाले. काठाला बेशरम माजली. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. आपल्याकडे कुंपणासाठी लावली गेली आणि मग आवरेना. जनावरे तिला तोंड लावत नाहीत आणि कापून टाकलेला तुकडा ओल्या मातीत पडला तरी त्याला मुळे फुटतात. काठ बेशरमेने झाकला, पोटात गाळ भरला, मागच्या बाजूने गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरणी, करता करता काही शेते तलावात सरकली. घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या आणि घाटाशेजारी भरणारा मासळीबाजार रस्त्यावर गेला. गावातली तरुण पोरे नागपूर, रायपूर, हैदराबाद अशा वाटांना लागली.

2020 च्या टाळेबंदीत त्यांतली काही परत आली. त्यांच्यातूनच गावातील स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. पुढे त्यात दोन शिक्षक, बचत गटाच्या बाया, एक किराणा दुकानदार आणि मत्स्य सहकारी संस्थेचे तरुण सभासद आले. त्यांनी प्रथम घाट मोकळा केला, मग बेशरम मुळासकट उपटून उंच जागी वाळवली. या लोकांचे मला विशेष वाटते ते हे, की त्यांनी फोटोपुरते काम कधीच केले नाही. उपटलेल्या ठिकाणी पावसाळ्यानंतर पुन्हा फिरून नवे कोंब काढायला ते स्वतःहून गेले.

त्यानंतर गाळाचा विषय निघाला. तो मे महिन्याचा दिवस होता. यंत्राचे डिझेल लोकवर्गणीतून यायचे होते आणि गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने स्वखर्चाने न्यायचा होता. सकाळी सहा वाजता जेसीबी पाळीवरून खाली उतरला तेव्हा ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली होती. अंदाजपत्रकात खोदाईची सुरुवात पूर्वेच्या उथळ काठापासून होती. कारण सरळ होते: तेथे जमीन कडक असल्यामुळे ट्रॅक्टर फसत नव्हते. मी चुन्याची फक्की मारून चौकोन आखला आणि यंत्राचा पंजा जमिनीला लागणार तोच ढिवरवस्तीतील एक वृद्ध मावशी त्या चौकोनात येऊन बसल्या. आयुष्यभर याच तलावात उतरून मासोळी धरून बाजारात विकणाऱ्या या बाईंना मी लहानपणापासून ओळखतो.

"इथं मशीन नोका लावू जी बापू," त्या म्हणाल्या. "हा काठ गेला का मासोळीच गेली."

रांगेतून आवाज चढू लागले. डिझेल जळत होते आणि दुपारी बारानंतर उन्हात थांबणे कठीण होते, त्यामुळे शेतकऱ्यांची घाई समजण्यासारखी होती. एकाने तर विचारले, की खोली वाढल्याशिवाय मासे तरी कोठे राहणार? मावशींनी त्याला उत्तर दिले नाही. खुरप्याने त्यांनी वीतभर माती उकरली आणि एक ढेकूळ माझ्या हातात ठेवले. मी ते फोडले. आत सुपारीएवढा काळा, सुकलेला कांदा होता. वरची साल नखाने काढल्यावर आतला गर पांढराशुभ्र निघाला आणि टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा हिरवट कोंब होता. मे महिन्यात, फुटलेल्या भेगांच्या जमिनीत ती वनस्पती जिवंत होती आणि पावसाची वाट पाहत होती.

"पानी आलं का हे वर येते," त्या म्हणाल्या. "त्याच्या बुडाशी मासोळी अंडी घालते. आमी पान्यात उतरतो, आमाले मालूम हाय."

त्या जे सांगत होत्या ते मत्स्यशास्त्राच्या पुस्तकातही आहे. तलावाचा उथळ काठ हीच त्याची सर्वांत सजीव जागा असते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या पाण्याखालच्या वनस्पती आणि पाण्याच्या कडेला उगवणारे देवधान (रानटी भात) पिल्लांना आसरा देतात, मरळीसारखे मासे अशा झाडोऱ्यातच वीण करतात आणि पाणपक्षीही तेथेच चरतात. आमच्या संस्थेने मागची काही वर्षे रोहू, कटल्याबरोबर लवकर वाढणारे म्हणून गवत्या आणि सायप्रिनस जातीचे बोटुकले (माशांची बोटभर पिल्ले) सोडले होते. त्यांतला एक वनस्पती खाऊन टाकतो आणि दुसरा तळ उकरून पाणी गढूळ करतो. म्हणजे झाडोरा आधीच विरळ झाला होता. उरलेले कांदे ज्या एका पट्ट्यात टिकून होते, नेमका तोच पट्टा आम्ही ट्रॉल्यांत भरून शेतांवर पाठवणार होतो.

गटातील तरुणांनी त्या वेळी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. त्यांनी मावशींना बाजूला व्हायला सांगितले नाही, की शेतकऱ्यांना उपदेशही केला नाही. त्यांनी यंत्र बंद करायला लावले, वस्तीतून आणखी चार जाणत्या बायांना आणि संस्थेच्या दोन म्हाताऱ्या सभासदांना बोलावून आणले आणि त्यांना पुढे घालून सगळे तलावाच्या पोटात चालत निघाले. मी मागून फक्कीची पाटी घेऊन होतो. त्या बाया पायाने माती दाबून सांगत, येथे कांदा आहे, येथे देवधान पडते, येथे नुसता गाळ आहे. आणि मी रेघ ओढत जाई. ज्या माणसांचे तलावावरचे हक्क कोणत्याही सातबाऱ्यावर नाहीत, त्यांच्या पावलांनी त्या सकाळी तलावाचा नकाशा तयार होत होता. इतकी वर्षे मी मोजमापे केली, पण कोठे खोदायचे नाही याची आखणी मी त्या दिवशी प्रथमच केली.

पाळीच्या बुडाशी खोदू नये हेही त्या म्हाताऱ्या सभासदांनीच ठरवून दिले. पायथा पोकळ झाला की भरल्या पाण्यात पाळ खचते. खोदाई मधल्या खोलगट भागात घ्यायची ठरली. तेथे आधी एक चाचणीचा खड्डा घेतला. कंबरभर काळ्या गाळाखाली पिवळसर चिकणमातीचा घट्ट थर लागला आणि त्याला हात लावायचा नाही, कारण पाणी धरून ठेवतो तो तोच, असे चालकाला बजावले. ट्रॅक्टर फसू नयेत म्हणून पोरांनी आधीच वाळवलेल्या बेशरमेच्या काड्या आणि मुरूम टाकून वाट बांधली. या साऱ्यात उन्ह डोक्यावर आले. दोन शेतकरी रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत गेले, त्यांची नाराजी अजून गेलेली नाही. बाकीचे थांबले. संध्याकाळी उन्ह उतरल्यावर यंत्र पुन्हा सुरू झाले आणि रात्री उशिरापर्यंत चालले.

पावसाळ्याच्या तोंडाला, जमीन भिजल्यावर, आखून ठेवलेल्या पट्ट्यातला कडक झालेला भाग नांगरून शेजारच्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती त्याच बायांनी हाताने लावल्या. जनावरे शिरू नयेत म्हणून बांबूचे कुंपण केले. संस्थेने त्या वर्षी गवत्या आणि सायप्रिनसचे बोटुकले घेतले नाहीत. सभेत यावर बरीच वादावादी झाली, कारण पहिल्या हंगामात उत्पन्न घटणार हे सर्वांना दिसत होते आणि ज्यांचे घरच मासळीवर चालते त्यांच्या दृष्टीने तो साधा निर्णय नव्हता.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पूर्वेचा काठ गाळपेरीसाठी द्यायचा नाही आणि तलावाच्या कोणत्याही कामाआधी ढिवरवस्तीतील बायांसह शिवारफेरी करायची, असा ठराव झाला. ठरावाची नक्कल मी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे जोडपत्रासह पाठवली आहे. मागच्या बाजूची दोन अतिक्रमणे अद्याप हटलेली नाहीत. त्यांतला एक कसणारा स्वतः भूमिहीन आहे, त्यामुळे त्याला दुसरीकडे काय देता येईल हे ठरल्याखेरीज गट त्याच्या बांधावर जायला तयार नाही, आणि मलाही ते पटते.