तास सुरू झाला की माझी लेक कुठे जाते?

सुट्टीत कोल्हापूरला गेले की पहिल्या दोन दिवसांतच कुणीतरी विचारतं. कधी मामा, कधी शेजारच्या काकू, कधी शाळेतल्या जुन्या बाई. "तिकडं पोलंडात सरकारी शाळेत धर्म शिकवतात म्हणे. मग तुझ्या पोरीला चर्चची प्रार्थना म्हणायला लावतात काय?" आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 28 मुळे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, त्यामुळे असा तास असतो हेच अनेकांना खरं वाटत नाही. दरवेळी मी "नाही हो, लावत नाहीत" एवढंच म्हणते आणि चहाचा कप उचलते. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

आम्ही पोझनानला राहतो. लेक तिथल्याच सरकारी शाळेत पहिलीपासून आहे. वेळापत्रकात गणित, पोलिश यांच्या रांगेत 'रेलिग्या' असं छापलेलं असतं. रेलिग्या म्हणजे धर्म, आणि व्यवहारात कॅथलिक धर्म. 2025 पर्यंत आठवड्यातून दोन तास असायचे. शिकवणाऱ्यांना पगार सरकार देतं, पण त्यांना परवानगी बिशप देतात आणि अभ्यासक्रम चर्च ठरवतं. तास ऐच्छिक आहे. ज्यांना हवा त्यांनी तसं लिहून द्यायचं, असा नियम. प्रत्यक्षात पहिलीच्या पालकसभेत 'नको' म्हणणाऱ्यांनीच हात वर करावा, असं झालं. तीस पालकांत माझा एकटीचा हात वर होता. कुणीही वाकडं बोललं नाही. पण तो हात किती जड झाला होता, ते मला अजून आठवतं. याच देशाच्या 1997 च्या घटनेत कलम 53 आहे. आपली श्रद्धा काय आहे हे सांगायला सरकारी यंत्रणा कुणाला भाग पाडू शकत नाही, असं ते म्हणतं.

तास सुरू झाला की लेक श्व्येत्लित्सात जायची. शाळा सुटल्यावर पालक येईपर्यंत मुलं थांबतात ती खोली. गालिचा, लाकडी ठोकळे, अर्धे तुटलेले रंगखडू. तास दिवसाच्या मध्येच असायचा, त्यामुळे घरीही येता येत नसे. कोविडच्या काळात तर तिच्या लॅपटॉपवर पंचेचाळीस मिनिटं नुसता काळा पडदा असायचा आणि ती खुर्चीवर बसून पडदा उजळायची वाट बघायची.

खरं अवघड वर्ष तिसरीचं. पोलंडमध्ये मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकरीचा प्रसाद घ्यायचा विधी, तिसरीत होतो, मे महिन्यात. वर्षभर त्याचीच तयारी: प्रार्थना पाठ करायच्या, पांढरा झगा शिवायचा, डोक्यावर फुलांचं कडं, मग घरी मोठं जेवण आणि भेटी, सायकल नाहीतर घड्याळ. वर्गात दुसरा विषयच नसायचा. एका संध्याकाळी लेकीने माझी पांढरी ओढणी खांद्यावरून घेतली, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला देव नको, फक्त झगा हवाय." मी तिला जवळ घेतलं. मला काय बोलावं ते सुचलं नाही.

त्याच काळात, 2022 च्या मार्चमध्ये, वर्गात युद्धामुळे युक्रेनमधल्या खारकिव्हहून एक मुलगी आली. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या घरातली. तीही श्व्येत्लित्सात येऊ लागली. तिसरा एक मुलगा होता, त्याचे आईवडील देव मानत नाहीत. तिघं मिळून ठोकळ्यांचे पूल बांधायचे. देवाविषयी त्या खोलीत कुणीच काही शिकवत नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. लेकीला त्यांच्याकडे सोडून मी कितीदा कामाला गेले आहे. लेक रेलिग्याला जात नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. राग नव्हता, दुःख होतं. मग त्या बोलत राहिल्या. कम्युनिस्ट सरकारने 1961 च्या कायद्याने धर्माचा तास शाळेबाहेर काढला. भिंतीवरचा क्रूस गेला. पुढे मुलं शाळा सुटल्यावर चर्चच्या मागच्या छोट्या खोलीत जायची. कोळशाची शेगडी, ओले बूट, बाकं कमी म्हणून निम्मी मुलं उभी. आजींनी स्वतःच्या मुलांना तिथे नेलं, तेव्हा कारखान्यातल्या साहेबाने बोलावून विचारलं होतं. "आमच्यासाठी तो तास म्हणजे नुसता धर्म नव्हता गं," त्या म्हणाल्या, "सरकारने हात न लावलेली ती एकच जागा होती."

त्यांनीच मला व्झेश्न्याला जायला सांगितलं. पोझनानहून पन्नासेक किलोमीटरवरचं गाव. तेव्हा हा भाग प्रशिया या जर्मन राज्याच्या ताब्यात होता. 1901 साली तिथल्या शाळेत धर्माचा तास जर्मन भाषेतून घ्यायचं फर्मान निघालं. मुलांनी जर्मनमध्ये प्रार्थना म्हणायला नकार दिला. 20 मे रोजी त्यांना छड्या मारल्या. बाहेर जमलेल्या आईबापांवर ग्न्येझ्नोच्या कोर्टात खटला चालला, काहींना तुरुंग झाला. त्या शाळेच्याच इमारतीत आज संग्रहालय आहे, त्या मुलांच्या नावाचं. मी तिथल्या जुन्या बाकांपाशी बराच वेळ उभी होते. देवाशी आईच्या भाषेत बोलायचं म्हणून मुलांनी मार खाल्ला. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून 1990 च्या सप्टेंबरमध्ये, कम्युनिस्ट राजवट जाऊन वर्षच झालेलं असताना, शिक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकांनी धर्माचा तास शाळेत परत आला तेव्हा आजींसारखे लोक रडले. हरवलेलं घर परत मिळाल्यासारखं त्यांना वाटलं. संसदेत चर्चा मात्र झाली नाही. तेव्हाच्या लोकपाल एवा लेन्तोव्स्का यांनी ती परिपत्रकं घटना न्यायाधिकरणात नेली आणि त्या हरल्या. पुढे 1991 च्या शिक्षण कायद्यात, 1992 च्या नियमांत आणि 1993 साली व्हॅटिकनशी झालेल्या करारात हा तास पक्का झाला.

आजींचं दुःख मला पटतं. पूर्ण पटतं. आणि तरीही मला ठामपणे वाटतं, की ज्यांनी ती छोटी खोली जिवापाड राखली, त्यांच्याच नातवंडांच्या शाळेत दुसऱ्या एका छोट्या खोलीत कोण बसलंय, हे कुणी वळून पाहिलं नाही.

पट्टीचं उदाहरण देते. चौथीपासून वर्षअखेरीस ज्यांची सरासरी 4.75 किंवा त्याहून जास्त, त्यांच्या गुणपत्रकावर लाल-पांढरी उभी पट्टी येते. मुलांना त्या पट्टीचं फार अप्रूप. 2007 पासून रेलिग्याचे गुणही सरासरीत धरले जायचे, आणि त्या विषयात बहुतेकांना सहापैकी सहा. चौथीत लेकीच्या दहा विषयांची बेरीज 47 झाली. सरासरी 4.7. तिच्या जिवलग मैत्रिणीचीही 47च, पण धर्मात 6. म्हणजे 53 भागिले 11, 4.8 च्या वर. तिला पट्टी मिळाली. लेकीच्या कागदावर 'धर्म किंवा नीतिशास्त्र' या ओळीत एक आडवी रेघ होती. तिने बोटाने ती रेघ चाचपली आणि विचारलं, "मी काय चुकवलं?"

या रेघेवरून एक खटला थेट स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला होता. ग्झेलाक नावाचं कुटुंब, देव आहे की नाही याबद्दल काही न ठरवलेलं. मुलाच्या शाळेत नीतिशास्त्राचा तासच नव्हता, त्यामुळे दरवर्षी रेघ. 2010 साली न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. त्या रेघेमुळे मूल सगळ्यांपासून वेगळं दिसतं, हे न्यायालयाला मान्य झालं. 2014 पासून एका मुलाने जरी मागितलं तरी शाळेने नीतिशास्त्र, म्हणजे 'एतिका', शिकवायला हवं. हे आम्हाला चौथी संपल्यावर कळलं, शाळेने आपणहून सांगितलं नव्हतं. अर्ज केला. पाचवीत तास सुरू झाला, दुपारी साडेतीनला, चार मुलांचा.

आणि तो तास सुंदर निघाला. बाई तत्त्वज्ञान शिकलेल्या. त्यांनी मुलांना घरचा एक सण आणायला सांगितला, वस्तूसकट. खारकिव्हच्या मुलीने सांगितलं की तिची आजी अजून 7 जानेवारीलाच ख्रिसमस करते. लेकीने पणती नेली, तेल-वातीसकट. पोलंडभर 1 नोव्हेंबरला कबरींवर दिवे लावतात. पणती बघून एक मुलगा लगेच म्हणाला, "मग तुमचेही मेलेले येतात का?" लेक म्हणाली, आईला विचारते. घरी आल्यावर आम्ही दोघींनी भाऊबीज, यमद्वितीया सगळं शोधून काढलं. इतकी वर्षं मीही ते नीट सांगितलं नव्हतं.

असा तास फक्त चौघांनाच का? पोलंड पूर्वी एकरंगी नव्हता. दुसऱ्या महायुद्धाआधी दहातला एक माणूस ज्यू होता. आजही पूर्वेला क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी या खेड्यांत तातार मुसलमानांच्या जुन्या लाकडी मशिदी उभ्या आहेत, ब्यालिस्तोक भागात ऑर्थोडॉक्स मुलांना त्यांच्या धर्माचा तास मिळतो. कायदा सगळ्या नोंदणीकृत पंथांना तीच सोय देतो. हिंदू धर्माचा तास मागता येईल का, असंही तुम्ही विचारता. पंथ नोंदलेला असेल आणि पुरेशी मुलं जमली तर येईल. पण मला तो नकोय. प्रत्येकाला आपापल्या खोलीत आपापला धर्म, याने शेजारच्या खोलीतलं काहीच कळत नाही.

आमच्याहून तीन तासांच्या रेल्वेवर बर्लिन, आणि त्याला लागून ब्रांडेनबुर्ग, पूर्वीच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीचा भाग. तिथे 1996 पासून शाळेत जगणं, नीती आणि धर्मपरिचय असा एक विषय आहे, वेगवेगळ्या श्रद्धांच्या मुलांनी एकत्र बसून शिकायचा; ज्यांना हवा त्यांना त्याऐवजी धर्माचा तास घेता येतो. तिथली गोष्ट वेगळी, हे मान्य. त्या चाळीस वर्षांत पूर्व जर्मनीतले लोक चर्चपासून दूर गेले, पोलिश लोक चर्चच्या आसऱ्याला गेले. राजवट एकाच धाटणीची, पण मागे राहिलेली माणसं निराळी. म्हणून तिथला उपाय इथे उचलून आणता येणार नाही, एवढं मला कळतं.

बदल होतोच आहे. 2011 च्या जनगणनेत सुमारे 88 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं, 2021 मध्ये 71 टक्के. पाचातल्या एकाने उत्तरच दिलं नाही. 2024 पासून रेलिग्याचे गुण सरासरीत धरत नाहीत. सप्टेंबर 2025 पासून आठवड्याला एकच तास, तोही दिवसाच्या सुरुवातीला किंवा शेवटी. बिशपांनी कडाडून विरोध केला. खालच्या आजी म्हणाल्या, पुन्हा काढून घेताहेत. मी त्यांच्याजवळ बसले. माझी लेक आता मधल्या तासाला एकटी बसणार नाही, याचा मला आनंद होता, आणि त्यांच्यासमोर तो दाखवावासा वाटला नाही.

मी विषय बदलला, त्यांना वळिवडेची गोष्ट सांगितली. सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हाकलून दिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवडेच्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. माझी आजी वळिवडेची. लहानपणी पाहिलेलं ती शेवटपर्यंत सांगायची, "पांढऱ्या झग्यातल्या पोरी फुलं उधळत जायच्या, आन् आम्ही रस्त्याकडंला उभं ऱ्हाऊन बघत हुतो. येकीनं माझ्या वंजळीत फुलं टाकली." आजींनी हे दोनदा ऐकून घेतलं. मग विचारलं, कुठली फुलं होती? ते मला माहीत नव्हतं.

लेक आता सातवीत आहे. गुरुवारी शेवटचा तास रेलिग्या, म्हणजे ती लवकर घरी येऊ शकते. पण येत नाही. वर्गाबाहेरच्या बाकावर मैत्रिणीसाठी थांबते, कारण दोघींची ट्राम एक. त्या दिवशी मैत्रीण तिला आत काय शिकवलं ते सांगते, आणि लेक तिला काहीबाही विचारत राहते. परवा दोघी ट्राममधून उतरल्या त्या भांडतच, मेल्यावर माणूस एकदाच उठतो की पुन्हापुन्हा जन्मतो, यावरून. दारात बूट काढतानाही ते चालूच होतं. मी दोघींना पोहे दिले.