संध्याकाळी चढणारा ताप, सकाळी गायब होणारे चट्टे

नाशकात पावसाळ्यात ताप आला की डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, चिकनगुनिया अशा तपासण्या ओळीने होतात. माझ्याही झाल्या. सगळ्या निगेटिव्ह. ताप मात्र रोज दिवेलागणीला हुडहुडी भरून चढायचा, 103 च्या पुढे जायचा आणि पहाटे घाम फुटून उतरायचा. घसा इतका दुखायचा की पाणीही गिळवत नसे. मनगटं आणि गुडघे आखडलेले. अँटिबायोटिक्स बदलून झाली, सलाईन लावून झालं, गुण काही येईना.

ताप चढला की मांड्यांवर आणि दंडांवर फिकट गुलाबी चट्टे उठायचे. सकाळी ओपीडीत नंबर लागेपर्यंत अंग स्वच्छ! एका ठिकाणी तर "ताई, टेन्शन घेता का?" असं विचारलं, तेव्हा फार लागलं मनाला. शेवटी नवऱ्याने रात्री ट्यूबलाइटखाली चट्ट्यांचे फोटो काढले आणि एका वहीत वेळेसकट ताप लिहायला घेतला. गंगापूर रोडच्या संधिवाततज्ज्ञ मॅडमनी जाडजूड फाइल बाजूला ठेवून आधी ती वही वाचली, मग फोटो मोठे करून पाहिले आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं, दाह झाला की वाढणारं प्रथिन) करायला सांगितलं. एरवी बायकांमध्ये साधारण दीडशे-दोनशेच्या आत असणारं फेरिटिन माझं कित्येक हजारांत निघालं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आरए फॅक्टर आणि एएनए, म्हणजे इतर संधिवातांसाठीच्या रक्ततपासण्या, निगेटिव्ह.

'अ‍ॅडल्ट ऑनसेट स्टिल्स डिसीज' हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मोठ्या वयात होणारा, ताप, चट्टे आणि सांधेदुखी आणणारा हा दुर्मीळ दाहाचा आजार. याची अशी एकच खात्रीची टेस्ट नाही. 1992 चे यामागुची निकष लावतात: ठरलेल्या लक्षणांपैकी आणि तपासण्यांपैकी एकूण पाच जुळायला हवेत, त्यातले किमान दोन मुख्य. शिवाय जंतुसंसर्ग, कॅन्सर आणि दुसरे संधिवात नाहीत याची खात्री करावी लागते. म्हणून ब्लड कल्चर, टीबीची तपासणी, सीटी स्कॅन आणि कमरेच्या हाडातून बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणी. स्टेरॉइडने बरं वाटेल तर लगेच सुरू करा ना, म्हणून मी रडले होते. मॅडमनी शांतपणे समजावलं, की लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) असेल तर स्टेरॉइडने तो झाकला जातो, आणि टीबी असेल तर बळावतो. बोन मॅरोच्या रिपोर्टची वाट पाहणं सगळ्यात जड गेलं.

रिपोर्ट नॉर्मल आला. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं आणि ताप हटला. आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध) आणि ठरलेल्या तारखांना रक्ततपासणी. ताप परत आला आणि रक्तातल्या पेशी एकदम घसरल्या तर त्याच दिवशी दाखवा, असं मॅडमनी घरातल्या सगळ्यांना बजावलंय. कारण ती मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोमची, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी बेफाम होऊन शरीरावरच उलटण्याची, खूण असू शकते; ही या आजारातली जिवावर बेतणारी गुंतागुंत आहे.